परमिशन नीट केली, आठवड्याने पुन्हा बिघडली: तयार क्लाउड इमेजवरच्या वर्डप्रेसचं जुनं दुखणं

आधी लक्षणं सांगतो. यातलं एखाद-दुसरं ओळखीचं वाटलं तरी पुढे वाचा.

प्लगइन अपडेट करायला जावं तर वर्डप्रेस एफटीपीचं (सर्व्हरवर फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीचं) होस्टनेम आणि पासवर्ड मागतं. एफटीपी तुम्ही कधी लावलेलंच नसतं, त्यामुळे काय भरायचं तेच कळत नाही.

फोटो चढवताना "अनेबल टू क्रिएट डिरेक्टरी" असा लाल पट्टा येतो. कालपर्यंत फोटो चढत होते, आज १ तारीख आहे. हा योगायोग नाही, खाली सांगतो.

अपडेट अर्ध्यात थांबतं आणि काही फाइली कॉपी झाल्या नाहीत, म्हणून परमिशन (कोणती फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची ती मुभा) तपासा, असा निरोप मिळतो.

उलट बाजूने, डॅशबोर्डवरून टाकलेल्या थीमची फाइल एसएफटीपीने (फाइली पाठवायच्या सुरक्षित पद्धतीने) बदलायला गेलात की "परमिशन डिनाइड".

आणि खरी खूण ही: कुठूनतरी एक कमांड आणून चालवली, सगळं सुरळीत झालं, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच.

मी लहान-मोठ्या वर्डप्रेस साइट सांभाळतो. त्यातल्या बऱ्याच ॲमेझॉन लाइटसेल या भाड्याच्या क्लाउड सर्व्हरच्या मुंबई रीजनमध्ये, बिटनामीच्या तयार इमेजवर (वर्डप्रेस आधीच बसवून दिलेल्या साच्यावर) आहेत. हे दुखणं मी इतक्या वेळा निस्तरलंय की आता फोनवर पहिलं वाक्य ऐकूनच अंदाज येतो. परमिशन आपोआप बिघडत नाही. कुणीतरी, चुकीच्या युजरच्या नावाने, तिथे फाइल लिहितंय. तो कोण हे सापडेपर्यंत दुरुस्ती म्हणजे गळक्या छपराखाली पातेलं ठेवण्यासारखं आहे.

एक सूचना: कमांड, फोल्डर आणि एरर इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरं आणि रोमन आकडे टाइप करायचे. कमांडचं स्पेलिंग माहीत नसेल तर ती चालवायची घाई करू नका.

हात लावण्याआधी

स्नॅपशॉट, म्हणजे सबंध मशीनची आहे तशी प्रत, घ्या. लाइटसेलच्या पॅनलमध्ये एक बटण आहे, खर्च दर जीबीमागे महिन्याला ०.०५ डॉलर. २० जीबीच्या लहान मशीनला महिनाभर ठेवला तरी १ डॉलरच्या वर जात नाही. परमिशनच्या कमांडला "अन-डू" नसतं. हजारो फाइलींचे जुने ओनर (मालक) एका एंटरमध्ये पुसले जातात आणि आधी काय होतं याची नोंद कुठेच राहत नाही.

डिस्क भरलीय का?

दहा सेकंदांचं काम, फुकट, आणि तरीही लोक शेवटी करतात. "डीएफ -एच" चालवा. मुख्य डिस्कच्या ("/") ओळीत १०० टक्के दिसलं तर परमिशनचा इथे काही संबंध नाही. लिहायला जागा नसली तरी वर्डप्रेस "फोल्डर बनवता आला नाही" एवढंच सांगतं, कारण सांगत नाही. बहुतेक वेळा एखाद्या बॅकअप प्लगइनने रोजची झिप अपलोड्सच्या शेजारी साठवलेली असते.

मग "डीएफ -आय". जागा शिल्लक पण आयनोड (डिस्कवर दर फाइलमागे लागणारी नोंद) संपलेत, असंही होतं. कॅश प्लगइन लाखो चिमुकल्या फाइली करतं तेव्हा हे घडतं. फाइल कितीही लहान असली तरी तिला एक आयनोड लागतोच.

थांबायचं तर नाही ना?

"अनदर अपडेट इज करंटली इन प्रोग्रेस" दिसत असेल तर चहा घेऊन या. कोअर (खुद्द वर्डप्रेसच्या) अपडेटचं ते कुलूप १५ मिनिटांनी आपोआप सैल होतं. साइटवर "ब्रीफली अनअव्हेलेबल" दिसत असेल तर वर्डप्रेसच्या मुख्य फोल्डरात ".मेंटेनन्स" नावाची लपलेली फाइल मागे राहिलीय. १० मिनिटांनंतर वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करतं, पण अपडेट अर्धवट राहिलेलं असतंच, ते पुन्हा चालवावं लागेल.

"एपीटी" (डेबियन लिनक्सवर प्रोग्रॅम बसवायची कमांड) वापरताना लॉकची तक्रार आली तर तोही परमिशनचा प्रश्न नाही. मागे डेबियनचे सुरक्षा अपडेट चालू असतात, ते संपू द्या. लॉकची फाइल हाताने डिलीट करा असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. दोन प्रक्रिया एकाच वेळी पॅकेजच्या यादीत लिहायला लागल्या की जो गोंधळ होतो तो निस्तरायला अख्खी दुपार जाते.

या घरात कोण कोण राहतं?

तयार इमेज म्हणजे फर्निचरसकट भाड्याने घेतलेला फ्लॅट. कपाटं कुणी कुठे लावली ते आपल्याला माहीत नसतं, आणि ते माहीत करून न घेता आपण खिळे ठोकायला लागतो.

बिटनामीच्या इमेजवर तुम्ही एसएसएचने (दुरून कमांड चालवायच्या रस्त्याने) किंवा एसएफटीपीने शिरता ते "बिटनामी" नावाच्या युजरने. वेब सर्व्हर अपाची आणि पीएचपी मात्र "डीमन" नावाच्या युजरने चालतात. म्हणजे तुम्ही हाताने टाकलेली फाइल बिटनामीची, आणि डॅशबोर्डवरून टाकलेलं प्लगइन डीमनचं. शिवाय "सुडो" लावून जे काही कराल ते "रूट"चं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरचं. एकाच फोल्डरात तीन मालक. सगळी कटकट या तिघांतली आहे.

उबंटू किंवा डेबियनवर स्वतः अपाची टाकला असता तर डीमनच्या जागी "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा" असता. इंटरनेटवरचे निम्म्याहून जास्त उपाय त्याच नावाने लिहिलेले असतात. ते जसेच्या तसे बिटनामीवर चालवले की सगळ्या फाइली अशा युजरच्या नावावर जातात ज्याच्या नावाने इथे काहीच चालत नाही. कमांड एरर देत नाही, कारण तो युजर डेबियनवर असतोच. साइट मात्र आणखी आजारी पडते. म्हणून आधी "पीएस -ईओ युजर,कॉम" चालवून पाहा. अपाचीची ओळ "एचटीटीपीडी" नावाने दिसेल. एक ओळ रूटची असेल (८० नंबरचं पोर्ट उघडायला तो लागतो), बाकीच्या डीमनच्या. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता माझी आवडती चाचणी. डीमनच्या नावाने त्याच फोल्डरात एक रिकामी फाइल करून पाहायची:

सुडो -यू डीमन टच /बिटनामी/वर्डप्रेस/डब्ल्यूपी-कंटेंट/अपलोड्स/चाचणी.टीएक्सटी

काहीच न बोलता कमांड संपली तर डीमनला तिथे लिहिता येतंय आणि दोष दुसरीकडे आहे. "परमिशन डिनाइड" आलं तर दोष इथेच आहे. "रीड-ओन्ली फाइल सिस्टिम" आलं तर ताबडतोब थांबा, ते शेवटच्या भागात आहे. फाइल नंतर डिलीट करा. या एका ओळीने माझे जितके तास वाचवलेत तितके दुसऱ्या कशानेही नाही, कारण वर्डप्रेसची भाषा मोघम असते आणि कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) नसते.

एफटीपीची खिडकी का उघडते?

चाचणीत लिहिता आलं, तरी वर्डप्रेस एफटीपी मागतंय? मग गोष्ट गमतीशीर आहे.

अपडेटच्या आधी वर्डप्रेस "टेम्प-राइट-टेस्ट" अशा नावाने सुरू होणारी एक तात्पुरती फाइल लिहून पाहतं. ती लिहिता आली एवढ्यावर त्याचं समाधान होत नाही. नव्या फाइलचा मालक आणि वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइलींचा मालक एकच आहे का, हेही ते बघतं. बिटनामीवर नवी फाइल डीमनची, जुन्या फाइली बिटनामीच्या. जुळत नाही. मग ग्रुपला (फाइलीला मालकाशिवाय युजरांचा एक गटही जोडलेला असतो, त्याला) लिहायची मुभा असली तरी वर्डप्रेस म्हणतं, मला इथे भरवसा वाटत नाही, एफटीपीने आत सोडा.

म्हणूनच या इमेजच्या "डब्ल्यूपी-कॉन्फिग" या सेटिंगच्या फाइलमध्ये आधीपासून एक ओळ असते: "एफएस_मेथड" या नावाला "डायरेक्ट" ही किंमत दिलेली. ही ओळ असली की वर्डप्रेस मालक तपासत बसत नाही. लोक जुन्या होस्टवरून साइट हलवताना तिथली डब्ल्यूपी-कॉन्फिग सबंध उचलून इथे ठेवतात आणि ती ओळ उडते. डेटाबेस जुळतो, साइट दिसते, सगळे खूश. तीन आठवड्यांनी पहिलं अपडेट येतं तेव्हा खिडकी उघडते. तोवर साइट हलवल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं.

तेव्हा ती ओळ आहे का बघा, नसेल तर घाला. खिडकीत पासवर्ड भरत बसू नका, पलीकडे एफटीपीचा सर्व्हरच नाही.

जाता जाता, त्याच फाइलची परमिशन ६४० असते: डीमनला वाचता येते, लिहिता येत नाही. कॅश प्लगइन "मला डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये लिहू द्या" म्हणून रडतात. रडू द्यावं. डेटाबेसचा पासवर्ड त्या फाइलमध्ये आहे. प्लगइनला हवी असलेली ओळ स्वतः एडिटरने घाला.

मालकांची मोजदाद

चाचणी नापास झाली असेल तर आता फोल्डरात कोणाचं किती आहे ते मोजायचं. बदलायचं अजून काही नाही, नुसतं मोजायचं.

सुडो फाइंड /बिटनामी/वर्डप्रेस/डब्ल्यूपी-कंटेंट -प्रिंटएफ "%यू %जी\एन" | सॉर्ट | यूनिक -सी

एका दिवाळी अंकाच्या साइटवर मला हे दिसलं होतं (किती फाइली, मालक, ग्रुप):

१४२०३ बिटनामी डीमन
३८६१ डीमन डीमन
२१७ रूट रूट

पहिल्या दोन ओळी ठीक. तिसरी ओळ म्हणजे रोग. काही वेळा नावाच्या जागी नुसता आकडा दिसतो, १००३ वगैरे. त्याचा अर्थ त्या फाइली जुन्या सर्व्हरवरून टार किंवा आरसिंक या फाइली हलवायच्या साधनांनी, रूट म्हणून इथे आणल्या गेल्या. मालकाचा नंबर तिकडून आला, पण त्या नंबरचा माणूस इथे राहतच नाही.

१ तारखेचं कोडंही इथेच सुटतं. वर्डप्रेस फोटो वर्ष आणि महिन्याच्या फोल्डरात ठेवतं. चालू महिन्याचा फोल्डर डीमनचा असेल तर महिनाभर सगळं छान चालतं. वर्षाचा फोल्डर रूटचा असेल तर त्यात नव्या महिन्याचा फोल्डर करता येत नाही. दोष तीन आठवडे जुना, तक्रार १ तारखेची.

दुरुस्ती, पण योग्य पत्त्यावर

इथे बहुतेक जण फसतात. वर्डप्रेस "/ऑप्ट/बिटनामी/वर्डप्रेस" मध्ये आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि ते खरंच आहे. पण नव्या इमेजमध्ये त्यातला डब्ल्यूपी-कंटेंट हा फोल्डर नसून सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे दाखवणारी पाटी आहे. खरा माल "/बिटनामी/वर्डप्रेस" मध्ये असतो. आणि मालक बदलणारी "सीएचओन -आर" ही कमांड वाटेत लागलेल्या सिमलिंकमधून पलीकडे जात नाही. "फाइंड"ही जात नाही. तुम्ही मोठ्या विश्वासाने कमांड चालवता, ती काही तक्रार करत नाही, आणि ज्या फोल्डरसाठी एवढा खटाटोप केला तोच जसाच्या तसा राहतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

"एलएस -एल" मध्ये डब्ल्यूपी-कंटेंटच्या ओळीचं पहिलं अक्षर बघा. "डी" असेल तर फोल्डर, "एल" असेल तर सिमलिंक, आणि बाणापुढे खरा पत्ता. जुन्या इमेजवर "ॲप्स" आणि "एचटीडॉक्स" असलेला लांबलचक पाथ असतो, तिथे खरा फोल्डर तोच.

पत्ता नक्की झाला की:

सुडो सीएचओन -आर बिटनामी:डीमन /बिटनामी/वर्डप्रेस/डब्ल्यूपी-कंटेंट
सुडो फाइंड /बिटनामी/वर्डप्रेस/डब्ल्यूपी-कंटेंट -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड ७७५ {} +
सुडो फाइंड /बिटनामी/वर्डप्रेस/डब्ल्यूपी-कंटेंट -टाइप एफ -एक्झेक सीएचमॉड ६६४ {} +

दोन्ही आकड्यांत मालक आणि ग्रुपला लिहिता येतं, बाकीच्यांना नाही. मग फोल्डर आणि फाइल वेगळे का? फोल्डरवरच्या "एक्स"चा अर्थ आत शिरायची मुभा, फाइलवरच्या "एक्स"चा अर्थ चालवायची मुभा. फोटोला चालवायची मुभा कशाला? कॅपिटल एक्स वापरून हेच एका कमांडमध्ये करता येतं, पण आधी कुणी सरसकट ७७७ (सगळ्यांना सगळी मुभा) केलं असेल तर ती युक्ती फसते. कॅपिटल एक्स ज्या फाइलवर आधीच एक्स आहे तिथे तो राहू देतं.

७७७ बद्दल एवढंच: त्याने अपडेट चालतं, म्हणून लोक त्याला उपाय समजतात. त्या मशीनवरच्या कुठल्याही युजरच्या नावाने घुसलेला कोड मग तुमच्या साइटच्या कुठल्याही फाइलमध्ये काहीही लिहू शकतो. मी साइट ताब्यात घेताना ७७७ दिसलं की आधी "या फाइलींत आणखी कुणी काय लिहून ठेवलंय" ते तपासतो, परमिशन नंतर.

आणि सबंध "/बिटनामी" वर ही कमांड कधीही चालवू नका. त्याच छताखाली मारियाडीबी या डेटाबेसचा डेटा आहे आणि तो "माय-एसक्यूएल" युजरचा आहे. त्याचा मालक बदललात तर चालू असलेला डेटाबेस काही वेळ तसाच चालत राहतो, आणि पुढच्या रीस्टार्टला उठत नाही.

अजूनही नापास? मग दोन गोष्टी राहिल्या. "नेमआय -एल" आणि पुढे पूर्ण पाथ. ही कमांड मुळापासून प्रत्येक फोल्डरची परमिशन एकाखाली एक दाखवते. वरच्या एखाद्याच फोल्डरवर आत शिरायची मुभा नसेल तर खाली कितीही उदार परमिशन दिली तरी दार बंदच. दुसरं, "एलएसएटीटीआर", फाइलीचे खास गुणधर्म दाखवणारी कमांड. त्यात "आय" अक्षर दिसलं तर कुणीतरी फाइल गोठवून ठेवलीय. रूटलाही ती बदलता येत नाही. हे सहसा आधीच्या माणसाने हॅक झाल्यानंतर मुद्दाम केलेलं असतं. काढण्याआधी त्याला विचारा.

पुन्हा का बिघडतं?

त्या दिवाळी अंकाच्या साइटकडे परत येतो. २१७ फाइली रूटच्या. मी मालक बदलले, साइट सुरळीत झाली, बिल पाठवलं. आठव्या दिवशी फोन. पुन्हा मोजलं, पुन्हा रूटच्या फाइली. या वेळी मी मालक बदलायची घाई केली नाही. रूटच्या तेवढ्या फाइली वेळेसकट काढल्या (फाइंडला "-युजर रूट -एलएस" लावलं की येतात). सगळ्यांची वेळ एकच: २१:४०.

रात्री पावणेदहाला कार्यालयात बसणारी व्यक्ती म्हणजे संपादकबाई. मी त्यांना जरा चढ्या आवाजातच विचारलं की रात्री तुम्ही सर्व्हरवर काय करता. त्या म्हणाल्या, "अहो, मी फक्त लेख लावते, तेही मोबाइलवरून." त्यांचं बरोबर होतं. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर) होतं. तिथले २१:४० म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ३:१०. पहाटे तीनला माणसं जागी नसतात, ठरल्या वेळी कमांड चालवणारा क्रॉन जागा असतो.

"सुडो क्रॉनटॅब -एल" केलं. एकच ओळ होती: आठवड्यातून एकदा सगळी प्लगइन अपडेट करणारी डब्ल्यूपी-सीएलआय (टर्मिनलवरून वर्डप्रेस चालवायची कमांड), शेवटी "अलाऊ-रूट" लावून. ती ओळ माझीच. पहाटे गर्दी नसते म्हणून यूटीसीचं गणित करून मीच टाकली होती, सहा महिन्यांपूर्वी. संपादकबाईंची माफी मागितली आणि दुसरं बिल पाठवलं नाही.

डब्ल्यूपी-सीएलआय रूटने चालवली तर ती आधी नकार देते, आणि तो नकार "अलाऊ-रूट" लावून दाबता येतो. तो दाबू नका. तिने आणलेली प्रत्येक नवी फाइल रूटची होते, आणि पुढच्या वेळी डॅशबोर्डवरून तेच प्लगइन अपडेट करताना डीमनला जुनी फाइल हटवता येत नाही. ओळ रूटच्या क्रॉनमधून काढून डीमनच्या क्रॉनमध्ये ("सुडो क्रॉनटॅब -यू डीमन -ई") ठेवा, आणि कमांडचा पूर्ण पाथ द्या, कारण क्रॉनला तुमच्या लॉगिनचे पाथ माहीत नसतात.

क्रॉन नसेल तर दुसरा संशयित एसएफटीपी. बिटनामी युजरने चढवलेली फाइल सहसा बिटनामी ग्रुपची आणि ६४४ परमिशनची होते, म्हणजे डीमनला नुसती वाचता येते. यावर फोल्डरांना ७७५ ऐवजी २७७५ द्या. तो पुढचा २ म्हणजे सेट-जीआयडी: आत जन्मणाऱ्या प्रत्येक फाइलला फोल्डरचाच ग्रुप मिळतो. पण ग्रुप बरोबर आला तरी ग्रुपला लिहायची मुभा यूमास्क (नव्या फाइलीतून कोणती मुभा वगळायची ते सांगणारं सेटिंग) ठरवतो. त्यासाठी फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल (आत होणाऱ्या नव्या फाइलींच्या परमिशनची यादी, "सेटफॅकल -डी") लावला की यूमास्कला डावललं जातं. दोन्ही एकदाच करायचं काम आहे. नंतर एसएफटीपीच्या प्रोग्रॅममध्ये "मूळ परमिशन जशीच्या तशी ठेवा" असा पर्याय चालू असेल तर बंद करा, नाहीतर तुमच्या लॅपटॉपवरची परमिशन तिकडे जाऊन बसते.

तिसरा संशयित फार कमी जणांना सुचतो. कुणीतरी "पीएचपीचं एक एक्स्टेन्शन हवं होतं" म्हणून "एपीटी इन्स्टॉल पीएचपी" केलेलं असतं. बिटनामीचं पीएचपी "/ऑप्ट" मध्ये वेगळं राहतं, एपीटीला त्याचा पत्ताही नसतो. एपीटी दुसरं पीएचपी आणतं, आणि डेबियनवर त्याच्याबरोबर बहुधा दुसरा अपाचीही येतो, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा युजरने चालणारा. लगेच काही बिघडत नाही. पुढच्या रीबूटला दोन्ही अपाची ८० नंबरच्या पोर्टसाठी धावतात. जो आधी पोचला त्याचं पान दिसतं. कधी तुमची साइट, कधी डेबियनचं स्वागताचं पान. "व्हिच -ए पीएचपी" ने दोन पत्ते दिले की समजायचं. आणि हेही समजून घ्या की "एपीटी अपग्रेड" ने इमेजमधलं पीएचपी किंवा अपाची नवं होत नाही. त्यासाठी नव्या इमेजवर नवं मशीन उभं करून साइट हलवणं हाच सरळ रस्ता.

यातलं काहीच नसेल तर "ऑडिटडी" हा नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम बसवा आणि त्या फोल्डरवर पहारा लावा. "ऑडिटसीटीएल"ला पाथ, लिहिणं आणि गुणधर्म बदलणं ("डब्ल्यूए") एवढं सांगितलं की पुढच्या वेळी कुठल्या प्रोग्रॅमने कुठल्या युजरने हात लावला ते नोंदलं जातं. दोन-तीन दिवसांत चोर सापडतो. मग पहारा काढून टाका, नोंदींनी डिस्क भरते आणि तुम्ही पहिल्या पायरीवर परत येता.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

"रीड-ओन्ली फाइल सिस्टिम" आलं असेल तर. कर्नलने डिस्कमध्ये चूक पाहून लिहिणं बंद केलेलं असू शकतं. तिथे परमिशनचे प्रयोग करू नका, सारखं रीबूटही करू नका.

"सुडो"च चालेनासं झालं असेल तर. हे कसं होतं ते सांगतो, कारण मी दोनदा पाहिलंय. "सीएचओन -आर बिटनामी:डीमन /ऑप्ट/बिटनामी" लिहिताना पहिल्या तिरक्या रेघेनंतर एक जागा पडते. मग कमांडला दोन पत्ते मिळतात: पहिला "/", म्हणजे सगळं मशीन. मालक बदलताना सेट-यूआयडीची खूण (प्रोग्रॅम त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालवू देणारी) पुसली जाते, आणि सुडो म्हणतं माझा मालक रूट हवा आणि ती खूण हवी. दुरुस्त करायला रूट हवा, रूट व्हायला सुडो हवं. अशा वेळी एसएसएचची चालू खिडकी बंद करू नका, रीबूटही करू नका. कदाचित आत शिरायचा तो शेवटचा रस्ता असेल. स्नॅपशॉट असेल तर त्यातून नवं मशीन उभं करणं हे दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतं.

डेटाबेस उठत नसेल आणि तुम्ही नुकतंच "/बिटनामी"वर काही चालवलं असेल तर.

अपलोड्समध्ये तुम्ही न टाकलेल्या पीएचपी फाइली दिसल्या तर. अपलोड्समध्ये फोटो असतात, पीएचपीचं तिथे सहसा काही काम नसतं. इथे परमिशन नीट करणं म्हणजे चोर घरात असताना कुलूप बदलणं. काही डिलीट न करता स्नॅपशॉट घ्या आणि सुरक्षेचं काम करणाऱ्याला द्या.

आणि मशीनवर ग्राहकांचे पैशाचे व्यवहार चालत असतील, तर मोजदादीच्या पुढे स्वतः जाऊ नका.

बोलवाल तेव्हा त्याच्यासाठी या चार गोष्टी हाताशी ठेवा: एररचा स्क्रीनशॉट, मालकांच्या मोजदादीचा तक्ता, "हिस्टरी" कमांडचा निकाल आणि शेवटचा स्नॅपशॉट कधीचा ते. हिस्टरीतून लाज वाटणाऱ्या ओळी काढून टाकू नका, आम्हाला नेमक्या त्याच हव्या असतात. पासवर्ड असलेली ओळ असेल तर फक्त पासवर्ड झाका.